सुई सिस्टरची, सही डॉक्टरची

ऐन रोवणीच्या दिवसांत सावली तालुक्यातील एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आला. आजारी तो नव्हता. शर्टाच्या खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला, नीट उलगडला आणि टेबलावर ठेवला. ‘डाक्टरसाहेब, यात काय काय लिवलं हाये, एवढं वाचून सांगा जी.’

कागद म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी दवाखान्याचे बिल होते. बायकोला मलेरिया झाला, ताप डोक्यात जातो की काय अशी अवस्था आली, म्हणून रातोरात नेऊन भरती केले. तीन दिवसांत बाई बरी होऊन घरी आली. उपचार अगदी योग्य झाले होते. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटची इंजेक्शने घड्याळ लावून द्यावी लागतात. पहिले दिल्यावर बारा तासांनी दुसरे, चोवीस तासांनी तिसरे. ती वेळेवर पडली, म्हणून बाई वाचली. तक्रार उपचारांची नव्हतीच.

बिलात एक ओळ होती : ‘डॉक्टर व्हिजिट – ९ × ३०० = २७००.’

तो म्हणाला, ‘आमच्या घरचीनं मोजलं जी. डाक्टर रोज सकाळी एकदाच आले. बाकी सारी सुई-सलाईन नर्सबाईच करे. रातीले बारा वाजता आली, दोन वाजता आली, तिनंच हात धरला, तिनंच ताप मोजला. मंग हे नऊ कसे झाले?’

वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता अठराशे रुपयांचा आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात दोन माणसांनी पहाटे उठून पुडे बांधले, तर त्यातले किती हाती उरतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, त्यामुळे अठराशे रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. पण त्याच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. काम एकाने केले, नाव दुसऱ्याचे लागले आणि पैसे तिसऱ्या हिशेबाने घेतले, तर हे चालते का? नर्सने केलेल्या सेवेचे बिल कोणाच्या नावे व्हावे? आणि डॉक्टरची ‘देखरेख’ म्हणजे नेमके काय? डॉक्टर त्याच खोलीत हवा, त्याच इमारतीत हवा, की फोनवर असला तरी चालतो?

त्या शेतकऱ्याला उत्तर देताना माझी जीभ थोडी अडखळली. कारण सांगतो.

मी १९९५ साली मूलला दवाखाना टाकला. त्या काळी क्षयरोग्याला पहिले दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन द्यावे लागे. रोगी सहा-सात किलोमीटरवरच्या गावात, अंगात ताकद नाही, रोज येणार कसा? माझ्याकडे एएनएमचा कोर्स केलेल्या एक सिस्टर होत्या. त्या सायकलवर जात, घरी इंजेक्शन देत आणि परत येत. महिन्याच्या शेवटी मी वहीत हिशेब मांडी : इंजेक्शन इतकी, व्हिजिट इतक्या. ‘व्हिजिट’ माझ्या नावावर. मी त्या गावात पाऊल टाकलेले नसे. सिस्टरचा पगार ठरलेला होता, तो मी देत होतो, म्हणजे त्यांचे जाणे हे माझेच जाणे, असा माझा सरळ हिशेब होता. सगळेच असे करीत. यात काही खोटे आहे असे मला कधी वाटले नाही.

एके दिवशी सिस्टर परत आल्या आणि म्हणाल्या, ‘आज मी त्याला सुई दिली नाही.’ मी चिडलो. कोणाला विचारून नाही दिली? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तो धुऱ्यावरून चालत येत होता, दोनदा बांधीत पडला. विचारलं तर म्हणतो, आठ दिवसांपासून भोवळ येते, कानात शिट्टी वाजते. मला बरं वाटलं नाही.’

स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा करते. वेळीच थांबवले नाही तर ती इजा कायमची राहू शकते. हे पुस्तकात मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण त्या रोग्याला मी तीन आठवडे पाहिले नव्हते. माझ्या वहीत मात्र त्याच तीन आठवड्यांत माझ्या नावावर वीसेक व्हिजिट जमा होत्या. मी इंजेक्शन बंद केले, औषधे बदलली. त्याची भोवळ हळूहळू कमी झाली, तोल मात्र अंधारात पूर्वीसारखा राहिला नाही, असे तो पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

त्या दिवशी देखरेख कोण करीत होते? वही म्हणते मी. पण डोळे उघडे ठेवून पाहणारी सिस्टर होती. आणि समजा तिने मुकाट्याने सुई देणे चालू ठेवले असते, रोग्याचा तोल कायमचा गेला असता, तर दोष कोणावर आला असता? मला खात्री आहे, तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले असते, ‘नर्सने सुई दिली, तिच्यानेच झाले.’ पैसे घेताना काम डॉक्टरचे आणि चूक झाली की काम नर्सचे, असा हा व्यवहार आहे.

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. डिसेंबर १९९३ मध्ये दिल्लीतील एका रुग्णालयात विषमज्वर झालेल्या एका लहान मुलाला नर्सने शिरेतून इंजेक्शन दिले. मुलाचे हृदय थांबले आणि मेंदूला कायमची इजा झाली. पुढे उघड झाले की ती नर्स अर्हताप्राप्त नव्हती, कोणत्याही परिचर्या परिषदेकडे तिची नोंद नव्हती. जे इंजेक्शन डॉक्टरने स्वतः द्यायचे, ते त्याने तिच्यावर सोपवले होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये भरपाई कायम केली. म्हणजे ‘नर्सने केले’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. काम सोपवणाऱ्याने, आपण ते कोणाच्या हाती देतो आहोत हे पाहिले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, मग नर्सने इंजेक्शनच देऊ नये, सगळे डॉक्टरनेच करावे. असे म्हणणाऱ्याने एकदा जुलै महिन्यात भामरागडला जाऊन यावे. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचे गाव जगापासून तुटते. पलीकडच्या पाड्यांवर तर आरोग्य सेविका नाही तर आशाताई, एवढीच काय ती वैद्यकीय मदत. तिथे ‘डॉक्टरच हवा’ म्हणणे म्हणजे कोणीच नको म्हणणे आहे.

आणि अशा हातांनी काय होऊ शकते, हे जगाला दाखवणारे काम आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत हा प्रयोग केला. तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत होती. बहुतेक बाळंतपणे घरी होत आणि नवजात बाळाला घेऊन दवाखान्यात जाणारे कुटुंब विरळा. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग गार झाले की जंतुसंसर्ग झाला असे समजावे, पण गावात हे ओळखणार कोण आणि औषध देणार कोण?

तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना निवडून शिकवण्यात आले. बाळाचे वजन कसे करावे, श्वास कसा मोजावा, धोक्याची लक्षणे कोणती, आणि जंतुसंसर्ग दिसल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने द्यायचे औषध किती व कसे द्यावे. होय, इंजेक्शन. जी बाई काल बांधीत रोवणी करीत होती, तिने दोन किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचायची. मोठमोठ्या शहरांतले बालरोगतज्ज्ञ याला बिचकले, आणि खरे सांगायचे तर मीही बिचकलो होतो. माझ्या हातून नवजात बाळाला सुई देताना आजही घाम फुटतो.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांत त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत ते ६० च्या घरातच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा १६.६ मरत होती, गावातल्या आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर शेकडा २.८. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण दोनशे रुपये. १८ बाळांची अशी सेवा केली की एक मृत्यू टळत होता.

हे यश कशामुळे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ‘डॉक्टरशिवाय उपचार’ असे त्याचे वर्णन पुष्कळदा होते, ते मला पटत नाही. डॉक्टर तिथे होता. तो बाळाच्या खाटेशी नव्हता, पण शिकवण्यात होता, नोंदवहीत होता, फिरून येऊन तपासण्यात होता. कोणत्या लक्षणाला काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे आधीच लिहून ठरले होते. मी ज्या अर्थाने व्हिजिट लिहीत होतो त्यापेक्षा ही देखरेख कितीतरी खरी होती.

पुढे २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिले नाही. ते फेब्रुवारी २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्य सेविकेच्या हाती दिले गेले, आणि तेही अटींवर : बाळाला आधी मोठ्या दवाखान्यात पाठवायचे, पाठवण्यापूर्वी जेंटामायसिनचा पहिला डोस द्यायचा, आणि पालक नेण्यास तयारच नसतील किंवा नेणे शक्यच नसेल तर सात दिवसांचा पूर्ण क्रम सेविकेने द्यायचा. तसेच गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग गाडीत घालायचे, बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊ लागले तर ऑक्सिटोसिन द्यायचे, हेही अधिकार प्रशिक्षित सेविकेला आहेत. डॉक्टरच्या सहीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, सही आधीच त्या नियमांत झालेली आहे असे समजा.

पैशाचे काय? आशाताईला सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले. बाळंतपण घरी झाले असेल तर भेटी सात, रक्कम तीच. भेटीमागे छत्तीस ते बेचाळीस रुपये पडतात. ते केव्हा मिळणार? पंचेचाळीस दिवसांनी. वजन नोंदले, जन्माची नोंद झाली, बीसीजी, पोलिओ वगैरे लसी झाल्या आणि आई व बाळ दोघेही सुखरूप असले तर.

शेवटची अट पुन्हा वाचा. सहाही भेटी दिल्या, धोका ओळखला, रात्री गाडी बोलावली, सगळे केले आणि बाळ तरीही गेले, तर कागदाप्रमाणे तिचा हक्क जातो. आम्हा डॉक्टरांपैकी कोणाची फी अशा अटीवर आहे काय? रोगी दगावला म्हणून मी फी परत केल्याचे मला तर आठवत नाही. सगळ्यांत कमी मोबदला असलेल्या व्यक्तीच्या बिलालाच सगळ्यांत कडक नियम लावावा, हा आपला न्याय मला अजून कळलेला नाही.

नागपूरला माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र अमेरिकेत असतो. मागे आला तेव्हा हीच चर्चा निघाली. तिकडे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ नावाची जास्त शिकलेली नर्स असते. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, अशा दोघांनी मिळून तिचे शिक्षण सुरू केले. ती रोगी तपासते, निदान करते, औषधही लिहिते. वृद्धांसाठी तिथल्या सरकारची मेडिकेअर नावाची विमा योजना आहे, तिच्यात १९९७ च्या कायद्यानंतर असा नियम आहे की नर्सने स्वतःच्या नावाने बिल लावले तर डॉक्टरच्या दराच्या शेकडा ८५ मिळतात. आणि डॉक्टरच्या नावाने लावले तर पूर्ण शंभर.

मग सगळे जण शंभरच लावत नसतील का, असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, म्हणूनच तर नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. डॉक्टरच्या नावाने बिल लावायचे असेल तर रोग्याला आधी डॉक्टरने स्वतः पाहिलेले असावे, उपचारांची दिशा त्याने ठरवलेली असावी, पुढेही त्याचे लक्ष असावे आणि नर्स काम करीत असताना तो लगेच मदतीला येईल असा हाताशी असावा. रोगी नवा असेल, किंवा जुन्याच रोग्याने नवी तक्रार सांगितली, तर ते नर्सचे स्वतंत्र काम झाले, तिच्याच नावाने ८५. उरलेल्या पंधरांच्या मोहाने खोटे लिहिले तर सरकार पैसे वसूल करते, वर दंड करते.

आपल्याकडचे नियम असे बारीक नाहीत, कारण आपल्याकडे नर्सच्या नावाचे बिलच नसते. अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला आहे, प्रसूतिसेवेसाठीही तसे शिक्षण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही कलम ३२ आहे. त्यात ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ अशी जागा ठेवली असून, प्राथमिक उपचारांपुरती ठरावीक औषधे त्याने स्वतः द्यावीत आणि त्यापुढचे काम नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली करावे असे म्हटले आहे. त्या वेळी आम्ही डॉक्टर मंडळी संपावर गेलो होतो. हे कलम आले तर अर्धवट शिकलेले लोक डॉक्टर होऊन बसतील अशी भीती होती, आणि ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण याच डॉक्टरांच्या दवाखान्यांत रात्रपाळीला कोण असते, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. मीही नाही.

सरकारी व्यवस्थेत रोग्याच्या दृष्टीने गोष्ट सोपी आहे. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांतले बरेच जण परिचर्या शिकलेले. रक्तदाब, मधुमेह पाहतात, अडले तर ई-संजीवनीवरून डॉक्टरला मोबाइलवर दाखवतात. चिठ्ठी डॉक्टरच्या नावाने येते, हात अधिकाऱ्यांचा. पैसे? एकही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात सुईचे, सलाईनचे किंवा बाळंतपणाचे पैसे कोणी मागितले तर ते देऊ नका, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

जनआरोग्य योजनेतही तसेच. राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. पुढे सारे राज्य आले, २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव लागले. तिच्यात एका उपचाराची एक ठोक रक्कम ठरलेली असते. खाट, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, औषधे, तपासण्या, रोग्याचे जेवण, घरी परतण्याचे भाडे, सगळे त्यात आले. डॉक्टर तीनदा आला की नऊदा, रोग्याला त्याचा भुर्दंड नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘नर्सिंगचे वेगळे द्या’ असे कोणी म्हटले, तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे.

प्रश्न उरतो तो खासगी दवाखान्यांचा, आणि आमच्या त्या शेतकऱ्याचा. त्याने बायकोला नेले तो दवाखाना योजनेत नव्हता. रात्री अकरा वाजता माणूस योजना पाहत नाही, उघडे दार पाहतो.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. डॉक्टरने आपली फी फलकावर लावावी, ती उपचार सुरू करण्यापूर्वी सांगावी, नंतर नव्हे. भरती झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपावेत आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राचे शुश्रूषागृह नोंदणी नियमही सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आता बंधनकारक आहे. त्या दरांच्या यादीत डॉक्टरची प्रत्येक भेटीची फी वेगळी आहे आणि नर्सिंगचा दर वेगळा आहे. म्हणजे सरकारलाही ही दोन कामे निराळी आहेत हे मान्य आहे. मग बिलात ती एकत्र कालवण्याचे कारण काय?

मी त्या दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन केला. तरुण आहेत, कामसू आहेत. ते म्हणाले, ‘सर, रात्री सिस्टरने मला चार वेळा फोन केला. दोन वाजता साखर कमी झाली होती, मीच ग्लुकोज सांगितलं. ते काम नाही का?’ काम आहे, निश्चित आहे. झोपेतून उठून घेतलेला तो निर्णय कदाचित सकाळच्या फेरीपेक्षा मोलाचा होता. त्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांतही फोनवरच्या सल्ल्याची फी घेता येते, पावती मात्र द्यावी असे म्हटले आहे. पण मग बिलात ‘फोनवरील सल्ला’ असे लिहा आणि त्याचा दर फलकावर लावा. जिथे पाय लागले नाहीत तिथे ‘व्हिजिट’ लिहू नका. आणि दोन वाजता साखर मोजायचे ज्या सिस्टरला सुचले, तिचे नाव त्या नोंदीवर वेळेसह असू द्या. उद्या काही बरेवाईट झाले तर तोच कागद तिला वाचवेल आणि तुम्हालाही.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच, की नर्सने सुई दिली म्हणून घाबरू नका आणि भांडूही नका. विचारा मात्र. सिस्टर, तुमची परिषदेकडे नोंदणी आहे ना? हे औषध कोणी लिहून दिले? डॉक्टर आज येणार का, केव्हा? प्रामाणिक दवाखान्यात या प्रश्नांचा राग येत नाही. आणि बिल तपशीलवार मागा. नुसता एकूण आकडा लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे.

जाता जाता आणखी एक. निवृत्त झालेल्या एक आरोग्य सेविका मध्यंतरी विचारत होत्या, गावातले लोक घरी येऊन म्हणतात, ‘बाई, सलाईन लावून द्या, शंभर रुपये देतो’, तर लावू का? तीस वर्षे त्यांनी हेच काम केले, हात माझ्यापेक्षा हलका आहे. पण उपकेंद्रात त्यांना औषधे देण्याचा जो अधिकार होता तो पदाचा होता, पदाबरोबर गेला. डॉक्टरने तपासून लिहून दिलेले इंजेक्शन नोंदणीकृत नर्सने घरी देणे वेगळे. अशक्तपणा वाटतो म्हणून आपल्या मनाने बाटली चढवणे वेगळे. आणि अशक्तपणाला सलाईन हे औषधच नाही, हे मी या सदरातून कितव्यांदा सांगतो आहे हे संपादकांनाच ठाऊक.

माझ्याकडच्या त्या सिस्टर २००८ साली काम सोडून मुलाकडे गेल्या. त्यांच्या जागी आता दुसऱ्या आहेत. त्या घरी जाऊन ड्रेसिंग किंवा इंजेक्शन करतात तेव्हा पावतीवर ‘परिचारिका गृहभेट’ असे छापलेले असते, खाली त्यांची सही असते आणि त्या रकमेतला निम्मा भाग त्यांना पगाराखेरीज मिळतो. हे मला सुचायला तेरा वर्षे लागली, आणि सुचले तेव्हा पहिल्या सिस्टर गेलेल्या होत्या.

सावलीचा शेतकरी आठवड्याने पुन्हा आला. दवाखान्याने बिल बदलून दिले होते. नऊ व्हिजिट खोडून तीन केल्या होत्या, चार वेळच्या फोनचे निम्म्या दराने सहाशे लावले होते, आणि बाराशे रुपये परत दिले होते. ‘बरं झालं जी, युरियाच्या वक्ताले कामी येतील,’ असे म्हणून त्याने नवा कागद पुन्हा त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. पिशवीत घालण्यापूर्वी मी तो पाहून घेतला. ‘नर्सिंग’ असा एक रकाना त्यात छापलेला होता. आधीच्या बिलात तो रिकामा होता, या बिलातही रिकामाच होता.